रिकामा दगड फिरवू नये

"सांग त्यास्नी, तोरण लई खाली आलंय. पाव्हण्यांच्या नाकाला लागंल," मामी म्हणाली.

मामा तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तोरणाचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं.

"मामा, तोरण खाली आलंय," मी म्हणालो.

"तिला सांग, पाहुण्यांना उद्घाटनाची कात्री चालवता आली पाहिजे. वर बांधलं तर स्टूल लागेल, आणि स्टूल दादांना पेलणार नाही."

मी मामीकडे वळलो. तोंड उघडायच्या आत तिनं नाक मुरडलं, म्हणजे निरोप पोचला.

फणसाचं झाड पाडल्यापासून घरात हे असं चाललं होतं. दोघांच्या मध्ये मी, सरकारने उघडलेलं पोस्ट ऑफिस. जेवताना भाताचं पातेलं मामाच्या मांडीला टेकलेलं असायचं आणि मामी मला म्हणायची, "इचार त्यास्नी, भात वाढू का." डिप्लोमा करून रिकामा बसलेला भाचा म्हणून मला इथे सड्यावर, डोंगरमाथ्याच्या या उघड्या पठारावर, बोलावलं होतं ते मामाला चक्की बांधायला मदत म्हणून. प्रत्यक्षात अर्धा पगार निरोपांचाच होता, आणि पगार म्हणजे तोच भात.

मामा शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. रिटायर झाल्यावर त्याच्या खोलीत एक कॅलेंडर लागलं, त्यावर जानेवारीला परदेशातली वाऱ्यावर फिरणारी पिठाची चक्की होती. मामाने पुढे पान उलटलंच नाही. फेब्रुवारीला धबधबा होता, त्यामुळे गाव तसं थोडक्यात वाचलं. सगळे म्हणाले, मास्तर खुळावला. मलाही तेच वाटायचं. चक्कीचा मधला आस, म्हणजे वर पंखे आणि आत चाक ज्याच्यावर फिरतं तो वासा, त्याला एकसंध जाड लाकूड लागत होतं. मामी बहिणीकडे गेली असताना मामाने परसातला फणस पाडला.

तो फणस साधा नव्हता. मामीचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा तिथून दोनच गोष्टी वर आल्या. एक फणसाचं रोप आणि दुसरं खपली गव्हाचं बी. बी ती दर वर्षी थोडंसं पेरायची, काढायची, राख आणि निंबाचा पाला घालून कणगीत ठेवायची. बाकी सड्यावर खपली कोणीच करत नव्हतं. दाण्याला घट्ट चिकटलेलं टरफल, ते कांडायचं कोणी? गावातल्या गिरणीवाल्याने तर मामीचा डबा एकदा रांगेतून बाहेरच काढला. "काकू, पुन्हा ही खपली आणू नका. टरफलाचा तुकडा राहिला तरी दगड गुदमरतो माझा. पट्टा तुटला मागं." मामी डबा डोक्यावर घेऊन चारचौघांतून परत आली होती. शहरातल्या दुकानांत आज तीच खपली चकचकीत पिशवीत उभी असते, पिशवीवर हसणारी बाई असते. तेव्हा तिच्याकडे बघून कोणी हसत नव्हतं. चुकलो, हसत होते.

तर दसऱ्याचा दिवस होता. चक्की सड्याच्या काठाला उभी, दरीकडे तोंड करून. खाली दगडाचा गोल, वर लाकडी डोकं, आणि चार पंखे. पंख्यांना कापड हवं म्हणून मामा हिंदुरावदादांकडे गेला. दादा आमच्या भागातले पुढारी, कायम भावी. भावी सरपंच होते, मग भावी सभापती झाले. त्यांनी मोठ्या मनाने आपल्या वाढदिवसाचे उरलेले फ्लेक्स दिले. त्यामुळे चारही पंख्यांवर दादा हात जोडून उभे होते. चक्की फिरली की एक दादा सरळ, एक आडवे, एक डोक्यावर आणि एक आडवे.

उद्घाटनही अर्थातच दादांच्या हस्ते. शिवाय धान्यतुला. एका पारड्यात दादा, दुसऱ्यात गव्हाची पोती. ती पोती दाराशी रचून ठेवली होती. दादांना पेलेल असा तराजू तालुक्याहून यायचा होता. मामीने दसऱ्याच्या पूजेला आपलं बी आणलं होतं. टरफलासकटचं, एक मोठं टोपलं आणि एक गाठोडं. दसरा झाला की पेरणी. तिने ते चक्कीच्या आत कोपऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं.

"सांग त्यास्नी, बी चक्कीला दाखवलंय. दिलेलं न्हाई."

"मामा, बी दाखवलंय, दिलेलं नाही."

"माहितेय मला," मामा म्हणाला आणि बराच वेळ त्या टोपल्याकडे बघत राहिला.

आता ब्रेक. मामाने ब्रेक स्वतः शोधून काढला होता, हेच त्याचं दुखणं. वर चाकावर एक जाड तुळई दाबून बसायची, ती दाबून धरणारी दोरी खाली यायची आणि दारावरून आडवी जाऊन खुंटीला बांधलेली असायची. दोरी ताणलेली असली की चक्की थांबलेली. दोरी सोडली की चक्की मोकळी. फीत बांधायला दाराला दुसरीकडे खिळा नव्हता. मामाने विचार केला, एवढी छान ताणलेली दोरी असताना खिळा कशाला? त्याने झेंडूचं तोरण त्याच दोरीला गुंडाळलं आणि खाली एक बारीक लाल फीत सोडली.

"दादा फक्त लाल फीत कापतील," मामाने मला समजावलं. "मग मी वरच्या खिडकीतून फुलं टाकीन. मी हाक मारली की तू हळूच दोरी सोड. तुला वाटलं की पुन्हा ओढायची."

"आणि वारा वाढला तर चक्कीचं तोंड फिरवायचं कसं?"

"सड्यावर वारा दरीतनंच येतो. तोंड फिरवायचंय कशाला? मी ते खिळे मारून बसवलंय."

मामा फुलांची परडी घेऊन शिडीने वर गेला आणि माळ्याची झडप लावून घेतली.

दादा आले. भाषण झालं. दादांनी वाऱ्याबद्दल अभिमान व्यक्त केला. मग कात्री हातात घेऊन दाराशी आले. लाल फीत त्यांच्या पोटाखाली गेली, ती त्यांना दिसलीच नाही. दिसलं ते तोरण. कात्री चालेना. "जोर लावा दादा!" कोणीतरी ओरडलं. दादांनी दोन्ही हात लावले. मी "दादा, ते नाही!" म्हणालो, पण तेवढ्यात हलगी सुरू झाली होती.

दोरी तुटली. तिचं टोक सापासारखं सळसळत वर भोकात गेलं. वर काहीतरी धाडकन आदळलं. आणि चार दादा फिरायला लागले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा हात जोडून उभे राहिले. वरून मामाने ठरल्याप्रमाणे फुलं टाकली. ती फुलं खाली आली नाहीत. पंख्याने उचलून दरीत नेली. तेव्हा मी आत पळालो.

मी शिडी चढून झडप ढकलली. हलेना. खांदा लावला, पाठ लावली. फटीतून मामाचा आवाज आला, "तुळई पडलीय झडपेवर! मला उचलत नाही!"

"तू कुठंयस?"

"चाकाच्या बाजूला. कडेला बसलोय. धोतर... थांब."

थोड्या वेळाने खिडकीतून मामाचं धोतर बाहेर आलं. चाकाच्या दात्यात अडकू नये म्हणून त्याने सोडलं होतं. ते फुगून हवेत तरंगलं आणि सावकाश दादांच्या डोक्यावर उतरलं. बायकांमध्ये एकदम कालवा झाला. "अगं बया! आधी धोतर आलं!" म्हणजे आता माणूस येणार, असा त्याचा अर्थ.

वारा वाढत होता. परतीच्या पावसाचा काळा ढग दरीत उतरला होता. समोरच्या डोंगरावर वीजकंपनीच्या उंच पांढऱ्या पवनचक्क्या होत्या. वारा फार झाला की त्या आपणहून थांबायच्या, तशी त्यांच्यात सोय होती. मी बघितलं तर एक थांबली. मग दुसरी. मग सगळी रांग थांबली. आमची तेवढी फिरत होती.

"कंपनीला कळतंय ते मास्तरला कळंना," मागून कोणीतरी म्हणालं.

कोणी तरी दोराला गळ बांधून पंख्याकडे भिरकावला. गळ बरोबर अडकला. दुसरं टोक त्या शहाण्याने मांडवाच्या खांबाला बांधलं होतं. मांडव उठला, कनातीसकट एक फेरा मारला आणि स्वागताच्या कमानीवर जाऊन पडला. त्यानंतर कोणी दोर आणला नाही. बाहेरून शिडी लावावी तर खिडकीसमोरून पंखा तलवारीसारखा जात होता.

आत दगडांचा आवाज बदलायला लागला. दगडांवरच्या लाकडी चाड्यात, म्हणजे धान्य ओतायच्या नरसाळ्यात, मामाने दाखवण्यापुरतं धान्य भरलं होतं. मी वाकून पाहिलं. तळ दिसत होता.

मामी माझ्या मागे येऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पिठाने नव्हे.

"जयवंता, दगड रिकामा फिरू देऊ नगंस," ती म्हणाली. "आमच्यात जातं सुद्धा रिकामं ओढत न्हाईत. दगडावर दगड घासला की ठिणगी पडती. हितं समदं पीठ उडतंय, वर लाकूड हाय, आणि वर..."

मी दाराकडे धावलो.

"पोती! दादांची पोती आणा आत!"

दादा डोक्यावरचं धोतर हातात घेऊन उभे होते. "पण माझी धान्यतुला..." ते म्हणाले.

"दादा, वर माणूस आहे!"

दादांचं एक कौतुक करायला हवं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि पहिलं पोतं स्वतः उचललं. दादांच्या वजनाचा गहू आम्ही पोत्या-पोत्याने चाड्यात ओतत गेलो. चक्की तो शेंगदाण्यासारखा खात होती. पिठाचा नुसता धुरळा. दादा पांढरे, मी पांढरा, मामीच्या भुवया पांढऱ्या. मग बायकांनी ओटीचे तांदूळ आणून टाकले. कोणी प्रसादाची हरभऱ्याची डाळ टाकली. एका म्हातारीने पानसुपारीतली सुपारी टाकली, तिला कोणीतरी मागे ओढलं. आणि वारा काही दमेना.

वरून मामाचा आवाज, "जयवंत! आस तापलाय! करपल्याचा वास येतोय!"

शेवटचं पोतं झटकलं. दगडातून कोरडा, किरकिरता आवाज आला. कडेला एक ठिणगी दिसली. खरंच दिसली. दादांनाही दिसली असावी, कारण पुढच्या क्षणी ते दाराबाहेर होते.

मी मामीकडे बघितलं नाही. कोपऱ्याकडेही बघितलं नाही. मला बघायची हिंमत नव्हती. मी फक्त ऐकलं, गाठोड्याची गाठ सुटल्याचा आवाज.

"मामी, नको. ते शेवटचं आहे."

"बाजूला हो."

"मी माती टाकतो, भुसा आणतो, काहीतरी..."

"टरफलानं दगड गुदमरतो," ती म्हणाली. तोंड एवढंसं करून, गिरणीवाल्याच्या आवाजात. "चारचौघांत म्हणाला व्हता मला. बघू दे गुदमरतो का."

तिने गाठोडं चाड्यात रिकामं केलं. काळपट, टरफलासकटचे दाणे खडखडत आत गेले. मग ती टोपलं उचलायला वाकली.

मामाने झडपेच्या फटीतून पाहिलं असावं. कारण वरून असा आवाज आला, की तो माझ्या मामाचा आहे हे मला कळायला वेळ लागला.

"जयवंत! तिला सांग, बी घालू नको!"

"मामी, मामा म्हणतोय..."

"सांग त्यास्नी, गप बसा."

"मामा, ती म्हणतेय..."

"तिला सांग, मी खिडकीतून उडी टाकतो! मी खाली आलो की मग जळू दे चक्की! पण बी घालू नको म्हणावं!"

मी बाहेर पळालो. लोक वर बघत होते. खिडकीत मामा होता. पट्ट्यापट्ट्याची चड्डी, सदरा, डोक्यावर टोपी. टोपी त्याने का ठेवली होती देव जाणे. एक पाय बाहेर. त्याच्या समोरून दादांचा चेहरा जात होता, सरळ, आडवा, उलटा, आडवा, आणि मामा प्रत्येक वेळी मान मागे घेत मधली फट मोजत होता. खाली काळा खडक.

"मामा! पाय आत घे!" मी ओरडलो. घशात पीठ गेलं होतं. आवाज फुटला नाही. नुसता खोकला आला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खोकला.

पोस्ट ऑफिस बंद पडलं होतं.

मामी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. टोपलं कमरेवर. तिने माझ्याकडे बघितलं, निरोप पोचव म्हणून. मी मान हलवून गळ्याकडे बोट दाखवलं.

इथे एक सांगायला हवं. मामीने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. हळदीकुंकवात बायका नाव घ्यायला हटून बसायच्या, तर ती अर्धा उखाणा म्हणून "मास्तरांचं" एवढ्यावर सुटायची. रेशनकार्डाच्या वेळी साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिने शेजारणीला कोपर मारलं होतं.

तिने वर बघितलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"दामोदर!"

सगळा सडा गप्प झाला. वारा सोडून.

"दामोदर, पाय आत घे! आत घे म्हणते ना! मेलास तर बघ!"

मामा तसाच राहिला, एक पाय आत, एक बाहेर. मग त्यानेही थेट उत्तर दिलं. कॅलेंडर लागल्यापासून मनात धरलेलं सगळं त्या दरीवर ओरडून सांगितलं.

"ते बी दळायलाच बांधली मी ही! त्यानं तुझा डबा रांगेतून बाहेर काढला, मी बघत होतो पारावर! म्हणून बांधली! फणस त्यात गेला, आता बी पण जाऊ देऊ?"

मामीच्या कमरेवरचं टोपलं घसरलं, ते मी धरलं.

"मग बोलला का न्हाईस?" ती ओरडली.

"तू बोलत कुठं होतीस!"

लोकांपैकी कोणी हसलं नाही. दादांनीही टोपी काढली होती, का ते त्यांनाही माहीत नसावं.

"पाय आत घे," मामी म्हणाली, आता जरा खालच्या आवाजात, पण वाऱ्यावर ते वरपर्यंत गेलं. "बी परत मिळंल. तू कुठं मिळशील मला पेरून?"

मामाने पाय आत घेतला.

मामी वळली, आत गेली आणि टोपल्यातलं बी ओंजळीने टाकायला लागली. सगळं एकदम नाही. एक ओंजळ, थांबायची, कान द्यायची. दुसरी ओंजळ. दगडांचा आवाज जाड होत गेला, घोगरा झाला. टरफलं कडेने बाहेर फुगायला लागली. दगड एकदा अडखळला, सुटला, पुन्हा अडखळला. वर आस कण्हला. मी खांबाला धरून उभा होतो, हातातून सगळी चक्की थरथरताना कळत होती, आणि आता एक तर दगड थांबेल नाहीतर फुटेल एवढंच डोक्यात होतं.

मामीने आणखी एक ओंजळ टाकली. दगडाने ती गिळली, घशात अडकल्यासारखा आवाज काढला आणि थांबला.

बाहेर दादांचे चारही चेहरे थरथरत उभे राहिले. वारा त्यांना ढकलत होता, पण ते हलत नव्हते. नंतर पावसाची एक सर आली आणि वाऱ्याचा जोर ओसरला. समोरच्या डोंगरावर कंपनीची एक चक्की हळूच फिरायला लागली. मग आम्ही पहारीने तुळई सरकवून झडप उघडली.

मामा शिडीवरून उतरला. गुडघे काळे, मिशीला वंगण. मामी समोर उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. आख्ख्या गावाला वाटलं, दारात गर्दी झाली होती.

"सांग त्यास्नी," मामी मला म्हणाली, "आधी धोतर नेसा म्हणावं."

दादांनी धोतर पुढे केलं. त्याची त्यांनी व्यवस्थित घडी घातली होती.

संध्याकाळी गर्दी पांगली. दादांची तुला झाली नाही. त्यांच्या वजनाचं पीठ मात्र गावभर वाटलं गेलं, सुपारीसकट. टोपल्याच्या तळाला थोडं बी शिल्लक होतं. बाकीचं दगडाखाली आणि पिठाच्या पेटीत, गहू-तांदळात मिसळलेलं. दगड उचलला तर खाली चिरडलेले दाणे होते, फुटके होते, आणि मधूनमधून अख्खेही होते. काही तर टरफलातून नुसते सोलून निघालेले, लालसर, लांबट, शाबूत. मामीने एक दाणा दाताखाली धरला, चावला नाही. काढून तळहातावर ठेवला.

दोघं सूप घेऊन पेटीच्या दोन बाजूंना बसली. मी कंदील लावून मध्ये बसलो. सवयीने.

"सांग त्यास्नी, अख्खा दाणा हिकडं, फुटका तिकडं."

"तिला सांग, मला कळतं."

माझा घसा अजून बसलेला होता. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग उठलो आणि काही न बोलता बाहेर येऊन पायरीवर बसलो.

आत बराच वेळ नुसता दाणे निवडल्याचा आवाज येत होता. दोन सुपांचा, एकाआड एक. मामी एकदा खाकरली. मामा एकदा खाकरला. मी वळून बघितलं नाही.

मग मामी म्हणाली, "अवं, त्यो फुटका हाय."